दीड स्टॉप कमी

शुक्रवार. निझ्वाहून पहाटे चारला निघालो.
झुवैना चालवत होती, माझ्या मांडीवर ट्रायपॉड,
अल हमराच्या पुढे डांबर संपलं
आणि गाडीतल्या बाटल्या, खजुराचा डबा, आमचे दात
सगळे एकदम बोलायला लागले.

आठवडाभर मी हाडं काढते.
म्हणजे हाडांचे फोटो. तळमजला, खोली तीन.
जाड माणसाला किरण जास्त, पोराला कमी,
"श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा."
एवढं अरबी मला झोपेतही येतं,
बाजारात घासाघीस करायचं अजून येत नाही.
एक्स्पोजर चुकलं तर चीर हरवते.
मिरजेत शिकले तेव्हापासून
इतकंच साधं आहे ते.

जबल शम्सच्या कड्यावर ते साधं राहत नाही.
सूर्य आधी पलीकडच्या कड्याच्या कपाळाला लागतो,
चुनखडी तापल्या तव्यासारखी पांढरी होते,
आणि खाली दरी अजून काल रात्रीचीच.
दरी दाखवावी तर आकाश जातं,
ब्लीच केलेल्या चादरीसारखं, सुरकुतीही उरत नाही.
आकाश धरावं तर दरीची विहीर होते.
मीटरचं ऐकावं तर सगळंच करडं;
मीटर बिचारं रेशनच्या दुकानातलं,
सगळ्यांना सारखं मोजून देतं
आणि कोणाचंच पोट भरत नाही.

मागच्या महिन्यात तीन फोटो काढून एकात मिसळले होते.
दगड अन् दगड दिसत होता,
झुडपं मोजता आली असती.
डोंगर तेवढा दिसत नव्हता.
खोली तीनमधून आल्यासारखा
उघडा, गप्प, अंगावर गाऊन नसलेला.

आज पडद्यावर बोट ठेवून झुवैनाला म्हटलं,
"इथं फार काळं झालंय. उचलायला हवं."
"का?"
"काही दिसत नाही ना."
तिनं माझं बोट बाजूला केलं, आपलं ठेवलं.
"ही कपार. दुपारीसुद्धा इथं ऊन पोचत नाही.
पाणी झिरपतं, पावलाएवढं.
माझी आई इथं जन्मली, जूनमध्ये.
ऊन आमच्याकडे फुकट आहे, सिस्टर.
लोक चालत जायचे ते याच्यासाठी."
आणि एक शब्द म्हणाली: झिल.

माझ्याकडे तोच शब्द होता. सावली.
मी मात्र त्या जागेला सकाळपासून अंधार म्हणत होते.

तिला सांगितलं, आमच्यात फोटोला छायाचित्र म्हणतात.
अर्थ विचारला, मी सांगितला.
ती इतकी हसली की ट्रायपॉड धरावा लागला.
"मग उन्हामागे कशाला धावतेस?"

हसू मलाही आलं, आणि मग थोडं कानकोंडंही झालं,
कारण छातीच्या फोटोत काळं म्हणजे हवा.
काळं म्हणजे फुप्फुस भरलंय, माणूस ठीक आहे.
पांढरं दिसलं की आम्ही डॉक्टरांना हाक मारतो.
वीस वर्षं हे रोज बघत आले
आणि डोंगरापुढे उभी राहिले की
काळं दिसलं तिथं दिवा घेऊन धावले.

दीड स्टॉप खाली आणलं.
कड्याच्या धारेवर एक पिवळी रेघ,
तिच्यावर आकाश, हलकं, हातात मावेल एवढं.
खाली सगळं दरीनं आपल्याकडे ठेवलं.
तिथून कुठूनतरी शेळी खोकली.
श्वास घेतला. धरून ठेवला.

सोडला.

पुढच्या आठवड्यात प्रिंट घेऊन अल हमराला गेले.
झुवैनाच्या आईनं चष्मा पुसला,
फोटो दाराकडे नेला, परत आत आणला,
काळ्या भागावर तळहात ठेवून बराच वेळ बसली.
कॉफी निवली.
मला वाटलं, रडेल.

मग लेकीला काहीतरी म्हणाली.
झुवैना ओठ दाबून भाषांतर करत होती:
"खालचं बरोबर आहे म्हणते.
वरचं ऊन अजून जरा कमी कर."